मिनिटाला बारा शब्द

मोठ्या बाईंनी दुसरी खुर्ची टेबलाला वळसा घालून आपल्या शेजारी ओढून घेतली. समोरासमोर बसवलं की मूल वाचत नाही, नुसतं उत्तर देतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि या एका म्हणण्यापायी त्या तीस वर्षं वरच्या लोकांशी भांडत आल्या होत्या. खुर्चीचा पाय फरशीवर कर्रकन वाजला आणि त्याच वेळी दारात ती उभी राहिली. म्हणजे सव्वाअकरा वाजले असणार. घड्याळ बघायची गरजच नव्हती.

"ये गं. बस."

चौथीतली पोर, याच वर्षी या शाळेत आलेली. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण वर्गाने तिची हळूबाई करून टाकली होती, कारण तिला एक ओळ वाचायला लागली की बाकीच्यांचा निम्मा तास उडायचा. ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, पुस्तक उघडलं, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"न... दी... नदीच्या काठी... एक मो... मोठं झाड हो... तं."

बाईंनी टेबलाखाली घड्याळाचा खटका दाबला. मुलाला घड्याळ दिसलं की ते घड्याळालाच वाचून दाखवतं, हेही त्यांचं एक म्हणणं. मिनिट संपल्यावर त्यांनी शब्द मोजले आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका काढला. त्र्याहत्तर. मागच्या आठवड्यात सत्तर होते.

"शाब्बास! तीन वाढले."

पोरीने ठिपक्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसली.

बाईंच्या शाळेत या वेळेला नाव होतं, 'एकेकाची वेळ'. सगळ्या शाळांचा हिशेब कसा, तर पातळी गाठलेली मुलं किती टक्के, एवढाच. त्यामुळे बाकीच्या शाळा काठावरची मुलं तेवढी उचलायच्या, त्यांना घोकून घोकून पलीकडे ढकलायच्या, आणि जी फार मागे आहेत त्यांचं नाव काढायच्या नाहीत. बाईंनी पाठपुरावा करकरून वरून एका वर्षाची परवानगी मिळवली होती: रोज एक तास, तीन मुलं, एका वेळी एकच, आणि पातळी न बघता त्या मुलाची स्वतःची वाढ बघायची. मिनिटाला नव्वद शब्द झाले की ते मूल मोकळं, त्याच्या जागी दुसरं. गुरुवारी तपासणी होती. वाढ दिसली तर परवानगी पुढे चालू, नाही तर तो तास काठावरच्या मुलांना.

तिघांपैकी एक मुलगा मध्येच घरच्यांबरोबर दुसऱ्या गावी गेला. दुसऱ्याचा आलेख म्हणजे हट्टी बकरी. दोन पावलं वर, एक खाली, मग महिनाभर जागच्या जागी. तपासणीच्या नमुन्यात तर स्पष्ट छापलेलं होतं, 'सातत्यपूर्ण वाढ'. राहिली हळूबाई. बारा शब्दांवरून त्र्याहत्तरवर, वीस आठवड्यांत. सगळी भिस्त तिच्यावर होती.

पण खोटं कशाला बोला, बाईंना हवा होता तो नुसता आलेख नव्हे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलं की माणसं आपोआप चार हात लांब सरकतात. शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की हसणं अर्ध्यात तुटायचं, कुणीतरी उगाच वह्यांची चवड नीट करायला लागायचं. पहिल्या वर्षी त्या डबा घेऊन तिथे जात. आपल्यामुळे आठ माणसांना घास गिळवत नाही हे कळल्यावर त्या आपल्या खोलीतच जेवायला लागल्या, एका हाताने परिपत्रकं उलटत. घरी तरी कोण होतं? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक लांबच्या शहरात, तिचा फोन रविवारी, तोही स्वयंपाक करता करता. दिवसभरात भीडभाड न ठेवता शेजारी बसणारं माणूस एकच, आणि ते नऊ वर्षांचं होतं. वाचून झालं की पोर काहीबाही सांगायची. मावशी धुलाईच्या कारखान्यात दोन पाळ्या करते, तिच्या हातांना सतत साबणाचा वास येतो. आई कामासाठी लांब गेली आहे, येणार आहे, कधी ते माहीत नाही. बाई ऐकायच्या, आणि कधी कधी स्वतःचंही सांगून बसायच्या. एकदा तर रेडिओ लावल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही हेसुद्धा त्या या एवढ्याशा पोरीला सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

मंगळवारी मधल्या सुट्टीत बाई प्रयोगशाळेच्या किल्ल्या शोधत जिन्याकडे निघाल्या. जिन्याखालच्या बाकावर शिपाईमामा बसले होते आणि त्यांच्या शेजारी हळूबाई. मामांचा फोन पोरीच्या हातात होता.

"'बाबा, मी सुखरूप पोचले. वसतिगृहाची खोली बरी आहे, पण खिडकी भिंतीकडे उघडते. प्रशिक्षणार्थी म्हणून सहा महिने, मग कायम करतील म्हणतात. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या, विसराळूपणा करू नका.' मामा, पुढे हसणारं तोंड काढलंय."

एका दमात. बोट नाही, अडखळणं नाही. 'विसराळूपणा करू नका' तर असं दटावून म्हटलं की मामांची लेकच समोर येऊन बोलली असं वाटावं. बाई होत्या तिथेच थबकल्या. पोर फोन देऊन मैदानाकडे पळाली, तिने त्यांना पाहिलं नाही. मामांनी पाहिलं.

"मामा, ही... हिला वाचता येतं?"

"कुणाला? हिला?" मामा हसले. "अहो बाई, चष्मा लावूनसुद्धा मला एवढं बारीक दिसत नाही. शाळा सुरू झाली तेव्हापासून हीच वाचून देते सगळं. फार गुणाची पोर आहे."

"सुरुवातीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. का हो? काही चुकलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही."

खोलीत येऊन त्यांनी दार लावलं आणि आलेख पुढ्यात घेतला. बारा, एकोणीस, बावीस, पंचवीस, अठ्ठावीस... दुसऱ्या आठवड्यानंतर दर आठवड्याला तीन. कमी नाही, जास्त नाही. पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ रेघ. खरं मूल असं कधी वाढत नाही. त्याला ताप येतो, घरात भांडण होतं, दात पडतो, आणि शब्द मागे जातात. हे त्यांनी कितीतरी बैठकांत कंठशोष करून सांगितलं होतं. आणि त्यांच्याच हाताने, त्यांच्याच पेन्सिलीने, ही रेघ वीस आठवडे चढत गेली होती आणि त्या प्रत्येक ठिपक्याला शाब्बास म्हणत होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

चौथीच्या सरांना त्यांनी शाळा सुटल्यावर बोलावलं. सर तरुण, नोकरीत अजून कायम व्हायचे होते. आलेख पाहूनच त्यांची पाचावर धारण बसली.

"मॅडम, सगळ्याच शाळा करतात हो."

"काय करतात ते एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे."

"सुरुवातीची चाचणी असते ना, तेव्हा पाच-सहा चांगल्या मुलांना सांगायचं, आज अडखळत वाचा. म्हणजे शेवटी वाढ जास्त दिसते. आता यंदापासून शिक्षकांना वाढीचेही गुण देणार म्हटल्यावर..." सरांनी घाईघाईने पुढे जोडलं, "पण दोन महिन्यांपूर्वी मी सगळ्यांना सांगितलं मॅडम, आता नीट वाचायचं म्हणून. शपथ सांगतो, सगळ्यांना सांगितलं."

"हिला?"

"ती तेव्हा वर्गात नव्हती." सरांनी खाली मान घालून सांगितलं. "तुमच्याकडे आली होती. सव्वाअकराला. नंतर माझ्या डोक्यातूनच गेलं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाढ मोजा, वाढ मोजा, असं तीस वर्षं त्यांनीच तर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. मोजायला लागले, आणि लोकांनी पोरांना पहिल्या दिवशी खड्ड्यात उभं करायला सुरुवात केली. कुणावर ओरडायचं?

"मॅडम, एक सुचवू? गुरुवारी तिला पूर्ण वाचू द्या. नव्वदच्या वर जाईल. आलेख आणखी झकास दिसेल. कुणाला काही कळणार नाही."

"जा तुम्ही घरी," बाई म्हणाल्या.

बुधवारी सव्वाअकराला पोर आली, बसली, बोट ठेवलं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"तुला वाचता येतं ना गं?"

पोरीचं बोट मिटलेल्या पुस्तकावर तसंच राहिलं. मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"सरांनी सांगितलं होतं," ती शेवटी पुटपुटली.

"ते कळलं मला. पण ते पहिल्या दिवसापुरतं होतं. पुढे का नाही वाचलंस नीट?"

"वाचलं होतं. दुसऱ्या आठवड्यात. सात वाढवले मी. तर तुम्ही म्हणालात, अगं, अशी धावलीस तर दोन महिन्यांत सुटशील माझ्या तावडीतून."

बाईंना आठवेना. म्हणाल्या असतील. गमतीत, पोरीला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील.

"मग मी तीन-तीनच वाढवले. तीनला पण तुम्ही शाब्बास म्हणायचात."

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तीस वर्षं मुलांशी बोलण्यात घालवलेल्या या बाईला एक वाक्य सुचेना. त्यांनी पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"हे बघ, उद्या साहेब येतील. त्यांच्यापुढे जसं येतं तसं वाच. घाबरायचं नाही. तुला कुणी रागावणार नाही."

"आणि परवापासून?"

"परवाचं परवा बघू," बाई म्हणाल्या.

मोठी माणसं बघू म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे ज्याची आई 'बघू' म्हणून लांब गेली आहे त्या मुलाला सांगावं लागत नाही. पोरीने मान डोलावली आणि ती पुस्तक घेऊन गेली. घंटेला अजून सहा मिनिटं होती.

गुरुवारी तपासणीचे साहेब वेळेवर आले. सर्दीने बेजार झालेले, रुमाल हातातच, पण माणूस सभ्य. बरोबर एक कारकून, नोंदी घ्यायला. दारालगतच्या खुर्चीत चौथीचे सर, चेहरा पार उतरलेला.

"तुमच्याबद्दल फार ऐकलंय, बाई," साहेब म्हणाले. "खरं सांगू, मलासुद्धा हे काठावरच्या मुलांचं प्रकरण पटत नाही. एक तरी आलेख असा दाखवा की वर मांडता येईल. पुढचं माझ्यावर सोडा."

बाईंनी आलेख पुढे केला आणि त्यावरचा हात काढला नाही.

"साहेब, हा खरा नाही. या मुलीला पहिल्या दिवसापासून वाचता येत होतं. सुरुवातीचा आकडा चुकीचा घेतला गेला. शाळेची चूक आहे, म्हणजे माझी."

सरांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. साहेबांनी नाक पुसलं. कारकुनाचं पेन थांबलं.

"अहो, मी विचारलं नव्हतं," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"माहीत आहे."

"बरं. निदान मुलीचं वाचन मला ऐकू तरी द्या. चांगलं वाचत असेल तर काहीतरी लिहिता येईल मला."

पोरीला आत बोलावलं. साहेबांनी आपल्या बॅगेतून एक छापील उतारा काढून तिच्यापुढे ठेवला आणि घड्याळ उघडपणे टेबलावर ठेवलं. पोरीने आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, वाच.

पोरीने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"ए... का... एका ग... गा... गावात..."

बाईंना वाटलं, घाबरली. सावरेल. पण ती सावरली नाही. ती अक्षर अक्षर फोडत राहिली, मध्येच ओळ चुकली, परत मागे आली. टेबलाच्या कडेशी दाबलेल्या दुसऱ्या हाताची नखं पांढरी पडली होती. पुढ्यातलं घड्याळ ती चोरून बघत होती. मिनिट संपलं.

"बारा," साहेब म्हणाले.

नेमके बारा. बाईंना सगळं लख्ख कळलं. पोर घाबरलेली नव्हती. तिने हिशेब करून पाऊल टाकलं होतं. बारापासून सुरुवात केली की परत एक अख्खं वर्ष मिळतं, एवढा साधा तिचा हिशेब.

"बाई, मला काही उलगडा होईना," साहेब म्हणाले. "कागद म्हणतो त्र्याहत्तर. तुम्ही म्हणता पहिल्यापासून येत होतं. आणि मला ऐकू आले ते बारा."

मामांना हाक मारायचा अवकाश होता. मामा आले असते, फोन पुढे केला असता, आणि पोर खोटी पडली असती, साहेबांसमोर, सरांसमोर, कारकुनाच्या वहीत. सर तर खुर्चीतून अर्धे उठलेच होते. बाईंनी त्यांना नजरेनेच खाली बसवलं. पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"आज तिने बारा वाचले," बाई म्हणाल्या. "तेवढेच लिहा."

"पण मग तुमच्या नोंदींचं काय समजायचं?"

"तुम्हाला जे योग्य वाटेल ते लिहा, साहेब."

"मला नाइलाजाने लिहावं लागेल, बाई."

"लिहा."

पोरीला बाहेर पाठवलं. साहेबांनी बराच वेळ रुमालाशी चाळा केला, मग तीन-चार ओळी लिहून खाली सही केली. एक प्रत बाईंच्या हातात दिली. जाताना ते दारात थांबले, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्यांना शिंक आली आणि ते तसेच गेले. सर मागे रेंगाळले.

"मॅडम, तुम्ही माझं नाव..."

"पुढच्या वर्षी पहिल्या चाचणीला मी स्वतः वर्गात बसेन," बाई म्हणाल्या. "जा, मुलं वाट बघतायत."

खोली रिकामी झाली. बाई हातात कागद घेऊन उभ्याच राहिल्या. एक तास, तीस वर्षं भांडून मिळवलेला. सोमवारपासून इथे काठावरची पंधरा मुलं दाटीवाटीने बसतील, आणि त्या फळ्यापाशी उभ्या राहून त्यांच्याकडून घोकून घेतील. आणि हे ज्याला सांगावं असं माणूस या सगळ्या इमारतीत नव्हतं. त्यांना फार, फार एकटं वाटलं.

त्या बाहेर आल्या. पोर व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. त्यांना बघून उठली.

"चुकलं का माझं?"

"नाही."

"मग आता मला परत पहिल्यापासून यायला लागेल ना?" तिच्या आवाजातली आशा लपत नव्हती. "कमी आले म्हणून?"

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. गुडघा दुखत होता, तो त्यांनी हाताने सरळ केला. काल जे वाक्य सुचलं नव्हतं ते आता अगदी सहज आलं. काल आलं असतं तर, हा विचार त्यांनी बाजूला सारला.

"यायला लागणार नाही. पण तू ये. मधल्या सुट्टीत. मी डबा खाते तेव्हा."

"पुस्तक कुठलं आणू?"

"काही आणू नकोस. नुसती ये."

"किती दिवस?"

"तुला कंटाळा येईपर्यंत."

पोर विचार करत राहिली. यात कुठे फसवणूक आहे का, हे ती तपासून बघत असावी. नसावी असं ठरवून तिने एक मोठा श्वास सोडला, पाय हलवायला लागली, आणि बाईंच्या मांडीवरच्या कागदाकडे वाकून, बोट न लावता, घडाघडा वाचत गेली.

"'सदर उपक्रमाच्या नोंदी विश्वासार्ह आढळल्या नाहीत. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक प्रगतीचा कोणताही पुरावा शाळा सादर करू शकली नाही. सबब हा उपक्रम तात्काळ बंद करण्यात यावा.'" तिने मान वर केली. "म्हणजे काय हो, बाई?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्याला थोडा वेळ लागला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी परत एकदा वाच. मला ऐकू दे."